चार मिनिटं पुढचं घड्याळ

—नाही, सातव्या पानावर नंतर येऊ, मी पहिल्या पानापासूनच बोलतोय. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, या स्टुलावर बसा. तर हे तुमचं हस्तलिखित, ‘आपल्या स्टेशनची पंचाहत्तर वर्षं’ — वाचलं मी, दोनदा वाचलं, तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला आता दुसरा उद्योग काय. सुरुवातीलाच काय लिहिलंय? तर म्हणे दूरदृष्टीच्या माणसांनी उपनगराचं स्वप्न पाहिलं. कसलं स्वप्न अन् कसलं काय. इंजिनाला पाणी लागायचं आणि इथे विहीर होती, म्हणून गाडी थांबायची. गाडी थांबते म्हणून चार लोक चढायला लागले, चार लोक चढतात म्हणून कुणीतरी पत्र्याचं छप्पर टाकलं — झालं स्टेशन. आणि या उद्घाटनाच्या फोटोतला डावीकडचा, छाती काढून उभा आहे तो — तो कुठला नगराध्यक्ष, तो फोटोग्राफरचा सासरा आहे. तुम्ही त्याला खाली पदवीसुद्धा चिकटवलीत. विचारायचं तरी कुणाला. पण नाही, संपादक झालं की माणसाला सगळं येतं.

आता सातवं पान. ‘आपलं लाडकं घड्याळ.’ काय ते कौतुक — पहिल्या स्टेशनमास्तरांनी प्रेमापोटी घड्याळ चार मिनिटं पुढे ठेवलं, प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून. प्रेम नाही हो, वैताग. लोक शेवटच्या क्षणाला यायचे, दारात लोंबकळायचे, म्हणून त्याने काटे पुढे ढकलले. आणि लोक सुधारले? महिन्याभरात सगळ्या उपनगराला कळलं, आणि घड्याळ बघायचं, मनात चार वजा करायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शाळेतली पोरं वजाबाकी आमच्या घड्याळावर शिकली. बाहेरगावचा पाहुणा जीव खाऊन पळत यायचा आणि हे बाकावर बसून त्याला हसायचे. मला शिसारी यायची. खोटं घड्याळ टांगायचं आणि सगळ्या गावाने मिळून ते चालवून घ्यायचं, वर त्याचा अभिमान. तुमच्या लेखात तोच अभिमान ओसंडून वाहतोय.

असो, तुम्हाला बोलावलं ते त्यासाठी नाही. एकोणिसावं पान काढा. खालून तिसरी ओळ. ‘याच वर्षी रूळ ओलांडताना एका प्रवाशाचा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दुर्दैवी मृत्यू झाला.’ हे खोडा. कशावरून घेतलंत? चौकशीच्या कागदावरून, ठाऊक आहे मला. कागदावर काय, काहीही असतं. तो ‘एक प्रवासी’ म्हणजे माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. शर्टांच्या कारखान्यात कापड कापायचे. तीनदा मोजल्याशिवाय कात्री लावायचे नाहीत. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे — मी त्यांची नक्कल करून दाखवायचो, सगळं घर हसायचं. तो माणूस निष्काळजी? तुम्ही स्वतःच्या लेखातली वर्षं नीट मोजली नाहीत, आणि त्यांना निष्काळजी म्हणताय.

मग कसं झालं म्हणजे? अहो, साधी गोष्ट आहे. तेव्हा पूल नव्हता. पलीकडच्या वस्तीतले लोक फलाटाच्या टोकाशी रूळ ओलांडून यायचे, घड्याळ तिथून स्वच्छ दिसायचं. भावजींची गाडी नऊ वाजून दहा मिनिटांची. घड्याळात नऊ वाजून नऊ मिनिटं. त्यांनी चार वजा केले — बरोब्बर केले, त्यांचं गणित कधी चुकायचं नाही — म्हणजे अजून पाच मिनिटं आहेत. गोदामाआडच्या वळणावरून गाडी येताना दिसत नाही, पलीकडच्या रुळावर मालगाडी धडधडत होती, शिट्टी ऐकू कशी येणार. आणि त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं.

हो, बरोबर होतं. एकच दिवस. नवे स्टेशनमास्तर आले होते, शिस्तीचे, म्हणाले हा पोरखेळ बंद करा. मग सकाळी काटे मागे घेतले, आणि — काय? चौकशीत घड्याळ चार मिनिटं पुढेच सापडलं, बरोबर आहे तुमचं, तसंच लिहिलंय. मास्तरांनी आपला हुकूम चौकशीत कबूल केला नाही, आणि साहेब लोक यायच्या आत घड्याळ पुन्हा पुढे केलेलं होतं. कुणी म्हणजे? तुम्ही वाकडे प्रश्न बरे विचारता हो, लिहिताना ही अक्कल कुठे जाते. किल्ली कुणाकडे असायची? तिकीटखिडकीच्या खणात. खिडकीत कोण बसायचं?

आणि ऐकायचंच आहे तर सगळं ऐका. मास्तर म्हणाले होते, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘आजपासून घड्याळ बरोबर आहे’. खडू हातात दिला होता त्यांनी. मी लिहिलं नाही. विसरलो नाही — लिहिलं नाही. म्हटलं, चुकू दे एकदा गाडी या शहाण्यांची, बघू तोंडं कशी होतात. खिडकीत बसून मी वाट बघत होतो, हसायला. माझ्याच घरचं माणूसही वजाबाकी करतच येणार, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. भावजी दिसले मला. पळत नव्हते. चालत होते, डबा सावरत, सावकाश.

ताई तेव्हापासून माझ्याकडेच आहे. तिला वाटतं, त्या दिवशी तिने डबा उशिरा भरला, म्हणून ते पळत सुटले आणि गेले. बत्तीस वर्षं तेच बोलते, कुणी विचारो न विचारो. मी समोर बसून जेवतो. ते पळत नव्हते ताई, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही, कारण पुढचा प्रश्न आलाच असता — मग का गेले? लोकांना मूर्ख म्हणण्यात आयुष्य घालवलं, आणि एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काढा पेन. ‘निष्काळजीपणा’ खोडा. लिहा — ते चालत होते, घरून वेळेवर निघाले होते, घड्याळ बदललं होतं आणि तिकीटखिडकीतल्या कारकुनाने मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम. तो शब्द गाळू नका, मऊ करू नका, तुम्हाला ती खोड आहे. छापून झालं की पहिली प्रत इथे आणा आणि तिच्या हातात द्या, माझ्या नको. ती अक्षरन्‌अक्षर वाचते. मी त्या दिवशी घरातच असेन, कुठे जाणार नाही.

आणखी विचारू नका काही. पाच वाजता ती दवाखान्यातून येईल, त्याआधी निघा. दार ओढून घ्या, मी उठत नाही.