बुरुजाच्या टेकडीवरची आरोळी

समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय ओक्तावियान प्रिकोप, व्यासपीठावरचे फादर, जिल्ह्याहून आलेले पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते पुरातत्त्व अधिकारी साबिन चोकान, आणि माझ्या गावकऱ्यांनो,

सरपंच मघाशी म्हणाले, "झाखारिया, दोन गोड शब्द बोल." गोडधोड बाहेर टेबलावर मांडलंय. मला संताप आलाय, मी तोच बोलणार.

साबिनभाऊंचं निवृत्तीचं वय झालंय का हो? नाही! मग ही फुलं कशाची? टेकडीवरच्या रोमन टेहळणी बुरुजाचा पाया उखडून तिथे सरपंचांना सिमेंटचा नवा 'रोमन बुरूज' बांधायचाय, वर बिअरचं दुकान. साबिनभाऊंनी परवानगीवर सही दिली नाही, म्हणून त्यांना घरी पाठवताय. आता सोमवारी नवे साहेब येऊन सही करणार आणि मंगळवारी बुलडोझर चढणार.

"दगडच तर आहेत, बाजूला रचून ठेवू," असं सरपंच म्हणाले. त्यावर साबिनभाऊ म्हणाले, "तुमच्या आजीचं थडगंही उकरून पुन्हा रचता येईल. उकरू?" हसताय काय? खरंच विचारलं होतं त्यांनी.

समोरच्या गडावरच्या, रोमनांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या आपल्या दाकियन पूर्वजांवर पाळत ठेवायला रोमनांनी तो बुरूज बांधला. शत्रूचा असूनही आपण तो जपला. दरवर्षी ईस्टरच्या उपासाआधी अर्धे गावकरी गडावर, अर्धे बुरुजावर, मध्ये गाव, आणि जाळ पेटवून बुरुजावरून आरोळी द्यायची, गडावरून नाव विचारायचं: कोण आळशी, कोण लबाड. ज्याचं नाव निघेल त्याने खिडकी उघडी ठेवून ऐकायचं, रागवायचं नाही. सरपंच, तुमच्या वडिलांच्या दुधातलं पाणी असंच बाहेर आलं होतं. त्यांनी मुकाट्याने ऐकलं, आणि दूध सुधारलं.

पुढच्या वर्षी बुरूज नसेल, तर आरोळी कुठून देऊ? इथूनच देतो.

"आरोळी आहे होऽऽ!"

काय, गडवाले झोपले की काय? मागच्या बाकांवरचे, उत्तर द्या की!

"कोणाची होऽऽ?"

हां! "ओक्तावियानचीऽऽ! खरा बुरूज गाडतोय, खोटा विकतोयऽऽ!"

बसा सरपंच, उठायचं नसतं. मंगळवारी आम्ही पायाच्या दगडांवर जाऊन बसणार. कोण कोण येतंय, हात वर करा. फादर, तुम्हीसुद्धा? साबिनभाऊ, तुम्ही तर याच. आता तुम्हाला कोण काढणार?

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर साबिनभाऊंनी पोटात घालावं. सरपंचांची क्षमा मागत नाही, आरोळीत ती रीत नाही. त्यांनी फक्त मंगळवारी सकाळी खिडकी उघडी ठेवावी.