कपडे वाळवायच्या खांबाखालची चांदी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या दातांच्या दवाखान्यात ग्लेनिस दुखरी दाढ धरून बसली होती. समोर क्लाइव्ह नावाचा म्हातारा शेजारच्या माणसाला काळवंडलेली नाणी दाखवत होता. त्याची बायको एडना बाजूलाच विणत होती.

"परसात कपडे वाळवायच्या खांबापाशी धातू शोधायचं मशीन फिरवलं, तर असं किंचाळलं म्हणता! तिथला सिमेंटचा चौथरा फोडला. खाली कोकोचा डबा, आणि डबाभर चांदीचे शिलिंग!"

"नशीबवान आहात!"

"नशीब कसलं? डोकं लागतं. कुणीतरी वेंधळा पुरून विसरला असणार."

"त्या घरात आपल्याआधी कुणी राहिलेलंच नाही, क्लाइव्ह."

"मग कुणाचे हे?"

"तुझ्या पँटी धुताना खिशातून काढलेले."

"चोरटी कुठली! चाळीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाहीस?"

"आणि तुला चाळीस वर्षांत पत्ता लागला नाही. म्हणे डोकं लागतं!"

"एवढे जमवत कशाला होतीस?"

"अ‍ॅडलेडच्या तिकिटासाठी."

"अ‍ॅडलेड? मला मुळीच आवडत नाही ते गाव."

"ठाऊक आहे. म्हणून एकच तिकीट काढणार होते."

ग्लेनिसचा हात दाढेवरून केव्हा खाली आला, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग... गेली का नाहीस, एडना?"

"शनिवारी निघायचं होतं. शुक्रवारी मी बाजारातून आले, तर तू खांब पक्का करायला नेमकं मी पुरलेल्या डब्यावर सिमेंट ओतून मोकळा. वर ओल्यात काडीनं नावंही कोरलेलीस. आपल्या दोघांची."