नोपच्या पुस्तकातलं अकरावं पान

कुंग : "नोप हा अत्यंत शिस्तप्रिय, मितभाषी व सात्त्विक वृत्तीचा विद्यार्थी होता." वित, कुणाबद्दल लिहून आणलंयस हे? आपला नोप गेलाय. टांगेवाला नोप.

वित : दिवंगत व्यक्तीविषयी चांगलं लिहावं, असा संकेत आहे.

कुंग : चांगलं लिही ना, पण त्याचं लिही. मितभाषी म्हणे! घोड्याशीसुद्धा गप्पा मारत जायचा तो. गिऱ्हाईक मागे बसून ऐकायचं.

वित : कुंग, तुझा छापखाना आहे. दिलेला मजकूर छापायचा, झालं.

कुंग : छापखाना आहे म्हणूनच बोलते. वीस वर्षं लोकांच्या दहनाला वाटायची, गेलेल्याच्या आठवणींची पुस्तकं छापतेय. या लंपांगमध्ये आजवर एकही आळशी माणूस मेलेला नाही. सगळे कष्टाळू, सगळे दानशूर. दारुडे तर आपल्या गावात जन्मालाच आले नाहीत.

वित : मग आपल्या कॉलेजच्या वर्गातल्या बाकीच्यांनी पाठवलेलं घे. दोन-दोन ओळी जोड, पान भरेल.

कुंग : वाचू? साक लिहितो, "नोप, फार लवकर गेलास रे. आयुष्याचा भरवसा नाही." खाली स्वतःचा मोबाईल नंबर.

वित : तो कशाला?

कुंग : विमा विकतो हल्ली. दाओने तर ओळ नाहीच, फोटो पाठवलाय.

वित : नोपबरोबरचा?

कुंग : एकटीचा. तोंडाला इतक्या सुया टोचून घेतल्यात, मला आधी वाटलं तिची मुलगीच. दुःखी चेहरा करायचा प्रयत्न केलाय बिचारीने, पण कपाळच हलत नाही.

वित : प्रासोंग भिक्खू झालाय ना? त्याचे दोन शब्द शोभतील.

कुंग : तिसऱ्या बायकोने हाकलल्यावर झाला. रोज सकाळी मोबाईलवरून प्रवचन देतो. आसक्ती सोडा म्हणतो, आणि शेवटी म्हणतो, आवडलं तर पुढे पाठवा.

वित : थोडक्यात, माझंच बरं आहे. तेच घे आणि मला सोड. शाळेत बैठक आहे.

कुंग : नाही घेत. नोपच्या आईने बजावलंय, अकरावं पान वर्गाचं, आणि ते वितनेच लिहायचं.

वित : माझं नाव घेतलं तिने?

कुंग : तुझंच. म्हणाली, माझा पोरगा कॉलेजात कसा होता, ते त्याला ठाऊक. चार वाजता मशीन सुरू करायचंय मला. परवा दहन आहे.

वित : कॉलेजचं तिला माहीत आहे तेवढं पुष्कळ झालं.

कुंग : काय माहीत आहे? गुरुवंदनेला सगळी मुलं गुरूंना फुलांची ताटं देत होती, आणि तिच्या मुलाने प्राचार्यांच्या ताटात बेडूक ठेवला. एवढंच ना?

वित : हळू बोल. तुझी माणसं ऐकतील.

कुंग : जेवायला गेलीत. दूर्वा, वांग्याची फुलं, उदबत्त्या, सगळं कसं छान रचलेलं. आणि त्यातून हा एवढा बेडूक टुणकन त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सरकारी गणवेशावर!

वित : खिशावर बसला होता. बिल्ल्यासारखा.

कुंग : आणि प्राचार्य खुर्चीसकट मागे!

वित : मागे कमळाचा रांजण होता. त्यात बसले ते. पाय वर. एक बूट थेट संगीताच्या बाईंच्या मांडीत.

कुंग : हसतोयस कसा बघ! मगाचा सात्त्विक कुठे गेला?

वित : पुरे गं. पोटात दुखायला लागलं.

कुंग : मग "कुणी केलं हे?" म्हणून ओरडले, आणि नोप उठला.

वित : मी उठणारच होतो.

कुंग : बत्तीस वर्षं उठतोयस.

वित : माझी शिष्यवृत्ती गेली असती. आमच्याकडे दोन म्हशी आणि सात तोंडं. नोप म्हणाला, मला वर्षभर काढतील, तोवर बापाचा टांगा हाकतो. पुढच्या साली परत येतो. मग बाप अंथरुणाला खिळला, आणि टांगा त्याच्या गळ्यात पडला तो पडलाच. आणि मला काय सुनावतेस? बेडूक आणला कुणी?

कुंग : मी. आमच्या भाताच्या खाचरातून, आईच्या जेवणाच्या डब्यात घालून. मी कुठे नाही म्हणतेय? मीही गप्प बसलेच. पण मी तुझ्यासारखं मुख्याध्यापक होऊन पोरांना सचोटीवर भाषणं देत नाही.

वित : पुढच्या महिन्यात माझी जिल्ह्यावर बढती आहे. माझ्यामुळे दहनाला अर्धं शिक्षण खातं येईल, प्रत्येकाच्या हातात हे पुस्तक असेल.

कुंग : तीनशे प्रती.

वित : तुला एक गोष्ट ठाऊक नाही, कुंग.

कुंग : बोल.

वित : त्याची आई दर गुरुवंदनेला ताट घेऊन प्राचार्यांच्या घरी जायची. मुलाच्या वतीने माफी मागायला. नऊ वर्षांपूर्वी ते वारले.

कुंग : मग सुटली बाई.

वित : मग ती माझ्याकडे यायला लागली. नोपच्या ओळखीचा दुसरा गुरू कोण? ज्या बाईने मला स्वतःच्या हाताने जेवू घातलंय, ती मला गुरुजी म्हणते. म्हणते, माझ्या मुलाचं चुकलं, क्षमा असावी.

कुंग : आणि तू?

वित : मी ताट घेतो.

कुंग : नऊ वर्षं?

वित : नऊ वर्षं. नोपच टांग्यातून घेऊन यायचा तिला. फाटकाबाहेर थांबायचा. एकदा मी वर पाहिलं, तर त्याने डोळा मारला मला. मला लाज वाटते, कुंग. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

(कुंग पंखा बंद करते.)

कुंग : वित, तिला ठाऊक असेल?

वित : रोज विचार करतो. तिने हे पान मला का दिलं असेल?

कुंग : मला काय माहीत? मी फक्त छापते. सांग, काय लिहू?

वित : लिही. नोप अभ्यासात यथातथाच होता. फार बोलायचा. गुरुवंदनेच्या ताटात त्याने बेडूक ठेवला नव्हता. तो मी ठेवला.

कुंग : "कुंगने आणून दिलेला" घाल त्यात.

वित : तुझी गिऱ्हाइकं जातील.

कुंग : जाऊ देत. पुढे?

वित : नोप माझ्यासाठी उठला, आणि मी बसून राहिलो. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. त्याच्या आईने ज्या चुकीची माफी मागितली, ती तिच्या मुलाची नव्हती. बस. एवढंच.

कुंग : अर्धं पान रिकामं राहतंय. उपदेश करायचा असेल तर जागा आहे.

वित : राहू दे रिकामं.

कुंग : खाली काय? नुसतं वित?

वित : पूर्ण नाव. मुख्याध्यापक. शाळेचं नावही घाल.

कुंग : तुझी पोरं वाचतील.

वित : त्यासाठीच शिकवलंय त्यांना वाचायला. आणि पहिली प्रत मला दे. दहनापर्यंत थांबायचं नाही. उद्याच घरी नेऊन देतो तिला.

कुंग : नुसती देऊन भागणार नाही. तिला आता अक्षर दिसत नाही.

वित : मग पत्रंबित्रं कोण वाचून दाखवतं तिला?

कुंग : नोप दाखवायचा.