जान नोवाकच्या थडग्यावरची शेवंती

...आणि वर मलाच विचारतो, "आपले कोण लागायचे हे?"

म्हणजे बघा, गुडघ्याखाली पोतं, हातात तारेचा ब्रश, बादलीतलं पाणी असं की बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची तेही कळेना, मी माझ्या आजोबांच्या थडग्याचा कठडा घासतोय, आणि हा माणूस मागे येऊन उभा, चामड्याचे हातमोजे, काखेत शेवंतीची कुंडी, आणि मला विचारतो आपले कोण. मी म्हटलं, "आजोबा. आईचे वडील. आपण?" तर म्हणतो, "कमाल आहे. माझेही आजोबाच."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दरवर्षी नोव्हेंबरात, सगळं गाव थडग्यांवर दिवे लावतं त्या सर्व संतांच्या दिवशी आम्ही शेवंती ठेवून जायचो आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्याच्या डब्यात असायची. आई म्हणायची वाऱ्यानं गेली. कुंडीसकट? आणि आम्हाला तिथं कुणाची तरी पांढरी शेवंती दिसायची, ती आम्ही... बरं, आम्ही पण टाकायचो, ते सोडा. आपल्या माणसाच्या छातीवर परक्याची फुलं कोण ठेवून घेईल?

आता तुम्ही म्हणाल, अरे, क्रॉसवर नाव असेल की. आहे ना. जान नोवाक. खालची तारीख गंजून पडली, चिनीमातीच्या चकतीवर फोटो होता तो कधीच फुटला, नाव तेवढं धडधाकट. पण जान नोवाक हे काय नाव झालं? ते तर अर्ज कसा भरायचा हे दाखवायला नमुन्यात लिहितात. शाळेत बाईंनी "नोवाक" म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. गावाला शेवटी वेगवेगळी शेपटं जोडावी लागली. विहिरीवाले नोवाक, पुलापलीकडचे नोवाक, लंगडे नोवाक... लंगड्यांच्यात तीन पिढ्यांत कुणी लंगडं नाही, पण एकदा लंगडे ते लंगडे. आम्ही कांदे नोवाक. का, ते विचारू नका. कुणा खापरपणजोबांनी जत्रेत पैजेवर कच्चे कांदे खाल्ले, आणि वास अजून आम्हाला येतो. आणि माझी आई? माहेरची नोवाक, सासरचीही नोवाक. लग्नाआधी लोक नोवाकुव्ना म्हणायचे, लग्नानंतर नोवाकोवा. पोरीला लग्नात मिळालं काय, तर शेवटचं अक्षर.

सांगा, नोवाक माणसानं करायचं काय?

आणि नावाचा अर्थ तरी काही भारदस्त? नवा. बस्स. कुणीतरी बोचकं घेऊन गावात यायचा, जमीनदाराच्या जाचाला कंटाळून पळालेला, नाहीतर फौजेतून सुटलेला, नाहीतर धर्म बदलून आलेला. गावकरी विचारायचे, कोण रे तो? नवा आहे. झालं बारसं. त्याला बसवून, पाणी देऊन, बाबा तुझं नाव काय, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आणि नवा माणूस काय एकाच गावात येतो? गावोगाव आला. म्हणून देशभर नोवाक, आणि कुणी कुणाचा कुणी नाही. पलीकडे चेक लोकांत तेच, खाली स्लोव्हेनियात तेच. कालिशकडच्या या गावात आम्ही किती पिढ्या खपलो, गावातली अर्धी माती आमचीच हाडं आहेत, आणि नावानं अजून आम्ही कालच आलोय.

तर हा हातमोजेवाला. लुदोमिर नोवाकोव्स्की. खिडक्यांचा धंदा. याचा बाप इथलाच, पोझनानला कचेरीत चिकटला, गेला तेव्हा नोवाक, ईस्टरला घरी आला तो नोवाकोव्स्की. लोक येताना सॉसेज आणतात, बापानं 'ओव्स्की' आणलं, जमीनदारांच्या नावाला असतं तसलं शेपूट. मी हे बोललो तर लुदोमिर मान अशी वर करून म्हणतो, "अहो नोवाक साहेब, आपली गल्लत होतेय. नोवाकोवो म्हणून गाव होतं. ते आमच्या घराण्याचं. आम्ही तिथले, म्हणून नोवाकोव्स्की." मी म्हटलं, मग क्रॉसवर नुसतं नोवाक कसं? तर म्हणतो, "आजोबा साधे होते. वापरत नसत."

वापरत नसत. पदक आहे का ते, रविवारी लावायला?

आणि नोवाकोवो म्हणजे तरी काय हो? नोवाकाचं गाव. म्हणजे आधी कुणीतरी बोचकंवाला नवा आलाच होता ना? मी हे म्हटलं तर मागून आलेली त्याची बायको म्हणते, "लुदेक, चल, यांच्याशी काय बोलायचं, हे कांदे आहेत." म्हणजे ओव्स्की झाले तरी गावातलं सगळं लक्षात आहे बरं का.

बरं, नुसत्या फुलांचं असतं तर मी सोडून दिलं असतं. खोटं कशाला बोलू, नसतं सोडलं, पण आवाज तरी खाली ठेवला असता. खरी गोष्ट आईची. आईचे वडील युद्धात गेले, ही एवढीशी होती, तिची आईही त्याच सुमारास गेली, आणि ही वाढली लांब मावशीकडं. लग्न होऊन याच गावात परत आली. मावशी लग्नाला आली होती, तिनं कब्रस्तानात नेलं, क्रॉसवरचं नाव वाचलं, बोट दाखवलं, "हा बघ तुझा बाप," आणि तिची बस होती म्हणून गेली. तेव्हापासून आई दर रविवारी तिथं. गायीला वासरू झालं, सांग बापाला. मी परीक्षेत नापास झालो, सांग बापाला. माझे वडील गेले तेव्हाही आधी तिकडंच गेली. आणि या वर्षी तिचं कंबरेचं हाड मोडलं, फादर येऊन अखेरचं पवित्र तेल लावून गेले, ती त्यातूनही उठली, पण उठल्यावर म्हणाली, "लेशेक, मला माझ्या बापाशेजारी ठेव. नवऱ्याजवळ आयुष्य काढलं, आता बापाजवळ." आणि नेमका याच वर्षी हा नोवाकोव्स्की फादरना म्हणतो की त्याला तिथं काळ्या ग्रॅनाइटचं घराण्याचं थडगं बांधायचंय, वर कुलचिन्ह कोरून.

कुलचिन्ह कुठून आलं? तेच सांगतोय. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये एक हाताचा ठसा आहे. लहानसा. चार बोटांचा. करंगळी नाही. आई म्हणायची, तो देवदूताचा हात. बापाला न्यायला आला तेव्हा ओल्या सिमेंटवर टेकला. मी लहानपणी विचारलं होतं, देवदूताला चारच बोटं? तर म्हणाली, "तू मोजलीयस का कधी?" आणि लुदोमिर म्हणतो, "हा आमच्या घराण्याचा पंजा. चार बोटं म्हणजे चार लढाया." मी विचारलं कुठल्या? तर दोन सांगितल्या आणि त्याला फोन आला.

फादरनी काय करावं? बिचारे म्हणाले, "सण होऊ द्या, मग बघू. आणि कृपा करून माझ्या फाटकात मारामारी करू नका, मिरवणूक आहे." सांगा, नोवाक माणसानं करायचं काय? मी आईला म्हटलं, आपण सणादिवशी सकाळी लवकर जाऊ. ती म्हणाली, "घडीची खुर्ची घे, घोंगडी घे, थर्मास घे." तिथं गेली, खुर्ची थडग्याला चिकटून लावायला सांगितली, आणि जी बसली... तुम्हाला सांगतो, तशी किल्ला लढवणारी माणसं आता राहिली नाहीत.

दुपारी सगळं गाव तिथं. ओल्या पानांचा वास, हजारो दिव्यांची ऊब, बायका एकमेकींच्या थडग्यांकडं बघून मनातल्या मनात कुणाकडं किती दिवे ते धरून ठेवतायत. आणि ओव्स्की आले. दुधाच्या कॅनएवढा दिवा, पांढरी शेवंती, बायकोच्या अंगावर कोल्ह्याची कॉलर. आई बसल्या जागेवरून म्हणते, "अगोबाई, खिडकीवाले आले. एखादी उघडी ठेवा, वास येतोय."

लुदोमिर म्हणतो, "आजीबाई, जरा सरकता का, दिवा ठेवायचाय."

"माझ्या डोक्यावर ठेव."

"आजीबाई, इथं माझे आजोबा आहेत."

"तुझ्या बापाला या नावाची लाज वाटली. कागदावर नोवाक नको झाला, थडग्यात बरा वाटतो? जा तुझ्या नोवाकोवोला, तिथं पुरून टाक त्या चार लढाया."

बायको मध्ये पडली, "या वयात जीभ बघा." आई म्हणाली, "तुझ्या वयाची होते तेव्हा याहून लांब होती." शेजारच्या थडग्यावरच्या लंगड्या नोवाकांनी प्रार्थना थांबवली होती. ते ओठ हलवत होते, पण कान आमच्याकडं.

आणि तेवढ्यात एक म्हातारा आला. कुठल्याच बाजूचा नाही. खाणकामगाराची असते तसली जाड टोपी, हातात साधा, झाकणाचा लाल दिवा, तोही दुकानातला सगळ्यात छोटा. आमच्या सगळ्यांकडं बघितलं, टोपी काढली, आणि म्हणाला, "देवाची शपथ, मला वाटलं होतं इथं गवत असेल." आणि त्याचे डोळे भरून आले हो. "किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही बाबांना."

बाबांना.

लुदोमिरनं विचारलं, "आपलं नाव?" तो म्हणाला, हिएरोनिम नोवाचिक. बाप इथं वारला, आई याला घेऊन सिलेशियाला गेली, हा पोरवयातच तिथल्या कोळशाच्या खाणीत लागला, त्या पाळीत इतके नोवाक की मुकादम ओरडायचा, धाकटा नोवाक इकडं ये, नोवाचिक, नोवाचिक, आणि पुढं कागदावरही तेच चढलं. मग लेक नॉर्वेत, हा लेकीकडं, इतक्या वर्षांत येणं झालं नाही. लुदोमिर म्हणाला, "काका, नोवाचिक म्हणजे इथले कसे? पुरावा काय?" आणि म्हातारा कठड्यापाशी वाकला, मी घासून ठेवलेला कोपरा त्यानं बोटानं पुसला, आणि उजवा हात तिथं ठेवला. हात ठशाहून दुप्पट. पण बोटं चार. करंगळी नाही.

"कडबा कापायच्या यंत्रात गेली," म्हणाला. "बाप गेल्यावर आईनं हे सिमेंट स्वतः ओतलं. म्हणाली, इथं हात लाव, म्हणजे त्याला कळेल तू आलास."

मी लुदोमिरकडं बघितलं, तो स्वतःच्या अंगठीकडं बघत होता, त्या अंगठीवर, तुम्हाला सांगतो, चार बोटांचा पंजा कोरून घेतलेला. मला हसायला यायला पाहिजे होतं, आयुष्यभर वाट बघावी असा प्रसंग, पण माझी आई खुर्चीत अशी बसली होती, हात मांडीवर, आणि तोंड इतकंसं झालेलं. इतक्या वर्षांची वासरं, परीक्षा, नवऱ्याचं मरण, सगळं जाऊन सांगितलं कुणाला, तर परक्या बाईच्या नवऱ्याला.

म्हाताऱ्याला कळलं. म्हणाला, "बाई, तुम्ही इथंच या. जागा आहे. मला काय, लेक तिकडंच ठेवील." चांगला माणूस. आईनं त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमच्या आईला काय वाटेल? मी माझ्या नवऱ्याशेजारी असली आगाऊ बाई खपवून घेतली नसती."

मग आमचा जान नोवाक कुठं? फादरना गाठलं, मिरवणूक संपल्यावर. ते म्हणाले, युद्धातली माणसं त्या भिंतीलगत. गेलो. काटेरी झुडपं, पार डोक्यावर वाढलेली, आणि त्यांच्यात लोखंडी क्रॉसांची एक रांग. नावं कशावर नाहीत. फादर म्हणाले, "यात बरेच नोवाक आहेत. कुठला कुणाचा, ते मला विचारू नका." लुदोमिर पण मागून आला होता. त्याचाही आजोबा युद्धातच गेलेला, म्हणजे तिथंच कुठंतरी असणार ना. कुलचिन्ह गेलं, आजोबा झुडपात, कोल्ह्याची कॉलर काट्यांत अडकलेली.

सांगा, नोवाक माणसानं करायचं काय?

आईनं खुर्ची रांगेसमोर लावायला सांगितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रॉस मोजले. मग म्हणाली, "लेशेक, मला या रांगेच्या बरोब्बर मध्ये ठेव. म्हणजे कुठलाही असला तरी फार लांब नसेल."

मला वाटलं, संपलं. रडायची वेळ होती, मी रुमाल काढलासुद्धा. तर पाठीमागून लुदोमिरचा आवाज आला, "माफ करा, पण मधली जागा माझ्या वडिलांसाठीही योग्य ठरेल."

तेव्हापासून दर शनिवारी मी एका टोकाकडून झुडपं तोडत, क्रॉस घासत येतो, लुदोमिर दुसऱ्या टोकाकडून घासत येतो, न जाणो आपलाच आजोबा असेल म्हणून दोघंही एकही क्रॉस सोडत नाही, दुपारी मध्यावर पोचतो, आणि तिथं भांडतो. फादर म्हणतात, भिंतीकडची बाजू इतकी स्वच्छ कधीच नव्हती.