येड्या हेरांची सिरियल

अकोल्याच्या स्टँडवर माझ्या बाजूला मायलेकी तेल्हाऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. लेकीनं मोबाइल आईपुढे धरला.

"आई, पाय, ते इंग्लंडची सिरियल. येड्या हेरांची. दादाच्या तेरवीपासून तू पायलीच नाही."

"तो सांगे तवा समजे मले."

"मी सांगतो ना. हे दोघं दुश्मनाच्या घरी निंगाले अन् शेजाऱ्याच्याच घरात घुसले."

"नाही वं. ते पोरगी पाहाले आले. नितेशनंच सांगतलं होतं."

"आई, दादाले कुठी येत होतं इंग्रजी? मनानंच सांगे तो."

"मले मालूम होतं."

"मंग रोज त्याले काहून इचारत होती?"

"तेवढा वेळ बसे ना तो माह्यापाशी."