ऑफर्स ओव्हर एक साठ

मी नागपूरची, इंदोऱ्याची. यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागं ग्लासगोला आले त्याला अठरा वर्षं झाली, मी इथं हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला आहे. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी यांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून हा माणूस खाली उतरतो तो फक्त हॉस्पिटलला जायला, तेही अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी उचलून. चौदा एप्रिलच्या जयंतीचा हॉल बुक करण्यापासून जेवणापर्यंत सगळं हेच पाहायचे, आता फोनवरून पाहतात. म्हणून मला खालच्या मजल्याचं घर पाहिजे होतं, बाकी काही नको.

तसं एक सापडलं. मागचं दार उघडलं की सरळ बाग, मधे एक पायरी नाही. किंमत लिहिलेली, ऑफर्स ओव्हर एक लाख साठ हजार पौंड. आता काय सांगू तुम्हाला इथली रीत, स्कॉटलंडात लिहिलेली किंमत म्हणजे नुसती सुरुवात, घर जाते त्याच्या वर, किती वर ते कोणी सांगत नाही. वकिलामार्फत आपला आकडा द्यायचा, गुपचूप, एकदाच, दुसऱ्यानं किती दिला ते कळत नाही. वकीलबाईनं तीनदा समजावलं. बँकेचं अन् जमवलेलं मिळून आमची एक पंचाहत्तरची तयारी होती. मी म्हटलं अहो, देऊन टाकू पंचाहत्तर. तर हे ऐकूनच नाही राहिले.

यांची सवयच तशी. नागपुरात बर्डीच्या बाजारात साडी घ्यायला गेलो तरी निम्म्यात मागायचे अन् चालू पडायचे, मग दुकानदार मागून हाका मारायचा, या साहेब, या. लाज वाटायची मला. इथंही तेच. एक साठच्या वर पाचशे दे, म्हणे, बघ कसा फोन येते, मग वाढवू. मी म्हटलं इथं कोणी मागून हाक नाही मारत. तुला काय कळते, म्हणे. अठरा वर्षं इथं राहून मला काय कळते. दिला तोच आकडा. फोन आला, वकीलबाईचाच, घर गेलं म्हणून.

तीन महिन्यांनी विकलेली किंमत ऑनलाइन लागली. एक सहासष्ट. डोकंच फिरलं माझं, सहासष्ट तर आपल्या हातात होते. बसमध्ये रस्ताभर मनातल्या मनात भांडत आले, आज सोडायचं नाही म्हटलं. दार उघडलं तर हे खिडकीशी बसलेले, माझ्याकडे न बघताच विचारलं, कितीला गेलं गं ते घर?

माझ्या तोंडून निघालं, एक पंच्याण्णव.

हे हसले. किती दिवसांनी हसले. म्हणे येडे लोक आहेत, वाचलो आपण.

आता ज्याचा फोन येईल त्याला हीच गोष्ट ऐकवतात, अन् वर मला विचारतात, सांग, खोटं आहे का? मी म्हणते खरं आहे, माझा जीव जळते पण म्हणते. खरं सांगितलं तर मन खाईल यांचं, अन् मन खाल्लं की दुसरा माणूस जरा बाहेर चक्कर मारून येते. हे कुठं जातील?