जाएलच्या मुलीची आई

मी, रिस्पा अओको ओबारा, वय एकेचाळीस वर्षे, धंदा मासे तळून विकणे, राहणार मन्याट्टा वस्ती, किसुमू, पोलीस चौकीत स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मला मूलबाळ नाही. शेजारच्या खोलीत जाएल अदोंगो ही विशीतली मुलगी राहते. ती मला मावशी म्हणते. रक्ताचे नाते नाही, पण आमचे अडत नाही.

मी दर महिन्याला फोनवरून आरोग्य योजनेत पैसे भरते. त्यात बाळंतपणही धरलेले आहे. मला त्याचा काय उपयोग, पण ते वगळून देत नाहीत.

मार्च महिन्यात एका दुपारी जाएलला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात संप होता, म्हणून मी तिला भाड्याच्या मोटारसायकलवर मधे बसवून खासगी दवाखान्यात नेले. खिडकीवरची बाई म्हणाली, "आधी फोन दाखवा. नंबर योजनेत असेल तरच आत." जाएलचा नव्हता. ती खांब धरून ओरडत होती. मी माझा फोन पुढे केला आणि म्हटले, "हीच रिस्पा. आता घेता का आत, की इथेच पसरू हिला?" हे मी खोटे बोलले.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पण कागदावर आई म्हणून माझे नाव लागले, त्यामुळे जाएलला जन्मदाखला मिळत नाही. नाव बदलायला दवाखाना पोलिसांचा कागद मागतो. जाएल मला इथे चौकीत येऊ देत नव्हती. "मावशी, तुला आत टाकतील गं! राहू दे तुझंच नाव. तू काय परकी आहेस?" मी म्हटले, "गप गं वेडे. उद्या पोरगी शाळेत जाईल. आई जिवंत असताना तिने माझं नाव का लावायचं?" मग मी घरी येऊन मासे साफ करत बसले.

जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी विचारले, "मावशी, योजनेचे मेसेज अजून येतात?" येतात. 'रिस्पा, आता तुमचे बाळ आवाजाकडे मान वळवेल.' मी लगेच शेजारी जाऊन हाक मारते. वळवते. नाव बदलले की मेसेज जाएलला जातील, असे साहेब म्हणाले. तिकडेच जायला हवेत.

खोटे मी बोलले, जाएलने नाही. मूल तिचे आहे, माझे नाही.

हा जबाब मला माझ्या धोलुओ भाषेत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. सांगितले तसेच लिहिले आहे.